एका जागेसाठी आम्ही दोघी

डॉक्टरीच्या शाळेत बायकांच्या वर्गाला एकच जागा होती. धारच्या जनाना दवाखान्यात मुलाखतीला आम्ही दोघी उरलो होतो. मी धारची, ती देवासची. हाडकुळी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. लिहिण्या-वाचण्यात मी तिच्यापेक्षा सरस होते, हे आजही सांगते.

मुलाखत घेणाऱ्या गोऱ्या डॉक्टर मडमेने मला आधी आत बोलावलं आणि नुकतंच जन्मलेलं मूल माझ्यापुढे धरलं. मी विचारलं, "कोणाचं आहे?" आमच्याकडे सोवळ्याचा असा धाक होता, की जात कळल्याशिवाय हातच पुढे होत नसे. मडमेने मूल मागे घेतलं.

मग ती देवासची आत गेली आणि हसत बाहेर आली. ओसरीवर बसून कोपरापर्यंत हात पुशीत राहिली.

"काय विचारलं तुला?"

"काही नाही. लेकरू दिलं, मी घेतलं."

"कोणाचं, ते विचारलं नाहीस?"

"अहो ताई, ओलं लेकरू निसटतं. आधी धरायचं, पूछताछ नंतर! तुम्ही काय त्याची पत्रिका मागितलीत?"

जागा तिला मिळाली. मी मुलाला बोटही लावलं नव्हतं, तरी घरी आईने मला दारातूनच आंघोळीला पाठवलं.

तिचं नाव मी जळफळाटात विचारलं नाही. ती चूकच झाली. पुढे देवासकडच्या कुठल्याही डॉक्टरणीची कोणी तारीफ केली, की मला ती हीच वाटे, आणि त्या दिवशी अन्न गोड लागत नसे.