आत्याला न विचारता

शटर वर गेलं की ट्यूबलाइट लावण्याआधीच आत्या दांडीवर टांगलेल्या कपड्यांवरून हात फिरवायची. अर्धवट उजेडात एकेक कॉलर चाचपत पुटपुटायची, "हा बँकवाल्याचा. हा शिंप्याचा. ही त्या भांडकुदळ बाईची." लाँड्री लहान होती तोवर कुठला कपडा कुणाचा, हे सगळं तिच्या डोक्यात मावत होतं.

मग जवळच दोन दवाखाने निघाले आणि त्यांचे पांढरे कोट येऊ लागले. मागची खोली भाड्याने घेतली, दुसरं मशीन आलं. आत्याला मात्र घोटभर पाणी प्यायची उसंत मिळेना. कपडे धुणाऱ्या बाईचा आवाज असा, की सगळे तिला भोंगाच म्हणायचे. मशीनच्या घरघरीवरून ती ओरडायची, "मालकीणबाई, हा कोणाचा?" इस्त्रीवाल्या ताई ओरडायच्या नाहीत. त्या नुसत्या समोर येऊन उभ्या राहायच्या. आत्याला त्याचाच जास्त धसका.

त्यातच हृदयाचं ऑपरेशन ठरलं. "मी नसताना कोटांची अदलाबदल झाली तर दवाखाने हातचे जातील हो," ती डॉक्टरांनाच सांगत बसली. "मग या दोघींनी कुठे जायचं?"

घरी आल्यावर तिने रंगीत धाग्यांची रिळं काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खुंटी, खुंटीला एक धागा, तसाच टाका त्याच्या कपड्यांच्या कॉलरीत आतून. नवं गिऱ्हाईक आलं की कुणीही मोकळी खुंटी धरायची. रंग संपले तर दोन धागे एकत्र.

"आणि मला काही विचारायचं नाही," तिने दोघींना बजावलं.

रंगीत तालीम म्हणून एक दिवस ती दुकानात गेलीच नाही. वर घरात फोन मांडीवर घेऊन बसली. फोन वाजला नाही. जसजशी दुपार सरत गेली तसतसा तिचा जीव वरखाली होऊ लागला. शेवटी कठड्याला धरत जिना उतरून ती खाली आली.

टेबलावर सगळे कोट कडक इस्त्री करून एकाच गठ्ठ्यात रचलेले होते. एकाही कॉलरीत धागा नव्हता.

"डॉक्टरांच्या कॉलरीत लाल धागा शोभतो का?" ताई म्हणाल्या. "असा गबाळा कपडा माझ्या हातून कधी गेला नाही. सगळे कापून काढले."

"घ्या!" भोंगा म्हणाली. "आता सगळे डॉक्टर सख्खे भाऊ!"

आत्याने गठ्ठ्यावर हात ठेवला. कोट नवे, एकाच कापडाचे. तिने बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. तिलाही काही कळलं नाही. ती स्टुलावर बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

दोन्ही दवाखान्यांतल्या माणसांना बोलावून, हातापाया पडून कोट निवडून घ्यावे लागले. "पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघू," एकाने सुनावलं. त्या रात्री आत्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती खाली आली तर ताई नव्याने आलेल्या कोटांना टांगायला आतून असते त्या पट्टीला धागा घालत होत्या.

"हे कुणी ठरवलं?"

"मी. इथे कोण बघतंय? आणि मी कापणारही नाही."

"मला विचारलं नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, विचारायचं नाही."

आत्या बाजूला सरकली आणि ताईंना उजेड येऊ दिला.

ऑपरेशननंतर आत्या शुद्धीवर आली नाही. दवाखान्यांचे कोट अजून त्याच लाँड्रीत येतात. खुंट्यांची दुसरी रांग ताईंनी ठोकून घेतली.

ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी आत्याने माझ्याकडे फोन मागितला होता. दुकानाचा नंबर काढला, अंगठा त्यावर धरला आणि तशीच थांबली. मग फोन माझ्या हातात दिला.

"राहू दे, कामात असतील. तू काहीतरी खाऊन घे गं, सकाळपासून तशीच आहेस."