बाबांचं वाळवंट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाबा सिंगापूरला आले, आणि आठवडा व्हायच्या आत त्यांनी रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेचा खांब चाटला. मी त्यांना माझं ऑफिस दाखवायला एमआरटी ट्रेनने नेलं होतं. आधी त्यांनी ओल्या बोटाने दगड पुसला, रंग न्याहाळला, मग सरळ जीभ लावली. "अंकल, कॅनॉट लाह!" म्हणत गार्ड धावत आला. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. बाबा शांतपणे म्हणाले, "ग्रॅनाइट. चव नाही."

बाबा भूगर्भशास्त्रज्ञ. लडाखमध्ये बर्फ वितळल्यावरच काम चाले, म्हणून दर उन्हाळ्यात ते तिकडे. आमची शाळेची सुट्टीही नेमकी तेव्हाच. त्या उजाड डोंगरांत आमच्यापेक्षा मोठं असं काय होतं, हे मला लहानपणापासून विचारायचं होतं. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच महिनाभर माझ्या वाट्याला आले होते.

रविवारी तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना विचारलंच. त्यांनी ताटात भाताचा बांध घातला आणि अलीकडे आमटी ओतली. "हा पाऊस. हिमालयाला अडतो. पलीकडे सगळं कोरडं ठणठणीत."

तिथे पुगा नावाचं खोरं आहे. त्यात उकळत्या पाण्याचे झरे, आणि झऱ्यांभोवती पांढरी खपली धरते, तो टाकणखार. पूर्वी लोक तो खरवडून पिशव्यांत भरत आणि जनावरांवर लादून खिंडींपलीकडे नेत. दागिना सांधायला सोनाराला तोच लागे. पुढे तिथे गंधकासाठीही खणलं गेलं.

"जनावरं म्हणजे घोडे?"

"मेंढ्या! उतरताना खार, चढताना धान्य."

"आणि चव?"

"आधी गोडसर, मग साबण."

मी जेवायची विसरले होते. मग ते आपणहून म्हणाले, "तू चौथीत असताना मला पुण्याच्या ऑफिसात कायमची बदली मिळत होती. तुझ्या आईला सांगितलं नाही. मी नको म्हटलं."

"का?"

"एक खिंड बघायची राहिली होती. पलीकडचे दगड लांबून वेगळ्याच रंगाचे दिसायचे."

मी ताटावरून उठले. आईने एकटीने ओढलेले सगळे उन्हाळे डोळ्यांपुढे आले. बाबांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. हात धुऊन परत आले, तर ते मान खाली घालून बसलेले. त्यांच्या जिव्हारी लागेल असं बोलायचं मी ठरवूनच आले होते. तोंड उघडलं आणि विचारलं, "मग काय होतं पलीकडे?"