नंदाच्या पेडणेकर काकू

पेडणेकर काकू ब्लाऊजचं माप घेण्याआधी विचारायच्या, "हात लावू काय गो?" समोरची "हो" म्हणेपर्यंत टेप त्यांच्या गळ्यातच लोंबत राही. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका या सवयीवर खूप हसायच्या, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असे. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अहो काकू, माप द्यायलाच आलेय ना मी? मग विचारता काय?"

"आंग तुझा, माप तुझा. इचारूक नको?" एवढं बोलून त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मला मुकाट्याने "लावा" म्हणावं लागलं.

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल मी प्रेमाने लिहावं अशी माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची, इच्छा आहे. मी प्रयत्न करते. पण ऐंशीच्या दशकातली निदान पाच वर्षं मी या बाईवर मनापासून जळत होते, ते लपवून काय लिहिणार?

माझं लग्न झालं तरी सासर दोन गल्ल्या पलीकडे. त्यामुळे मीठ संपलं तरी मी आईकडे हजर. बाबा आम्ही लहान असतानाच गेले होते. घरात आई आणि नंदा दोघीच. नंदा अबोल, कुठेही बसली तरी पाठ भिंतीला लावून बसणारी. ती काकूंकडे शिवण शिकायला जाऊ लागली आणि बदलली. एका दुपारी मी गुपचूप डोकावले, तर बाईसाहेब उघड्या दाराकडे पाठ करून काजं करत बसलेल्या, आणि खदखदा हसत होत्या! माझ्या विनोदांना ती कधी हसली नव्हती. विनोद वाईट असतात हे मान्य, पण सख्ख्या बहिणीचे होते ना?

नंदाचं लग्न ठरलं आणि घरात भडका उडाला. आपल्याकडे मुलीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. नंदा म्हणाली, "मामा माझा हात धरणार नाही. त्याने धरला तर मी बोहल्यावर चढणार नाही." आणि तिने आईला सगळं सांगितलं. लहानपणी सुट्टीत मरोळला मामाकडे राहायला जायची तेव्हा मामाने तिच्याशी काय केलं होतं ते. एकदा नव्हे, तीन सुट्ट्या.

आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "बाबा गेल्यावर त्यानेच आपल्याला सांभाळलं. झालं गेलं, आता चार लोकांत तमाशा नको."

या साऱ्यात मला काय खुपलं असेल? काकूंना हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं, हे! नवऱ्यामुलाला नंदाने सांगितलंय, हेही काकूंकडूनच कळलं. मी तणतणत नंदाला गाठलं. "एका गोधडीत झोपलो आपण, आणि तू सांगितलंस त्या शिवणवालीला?"

"पहिलं तुलाच सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. "दहा वर्षांची होते. मामा नको तसा हात लावतो, मला पाठवू नका, म्हटलं होतं. तू म्हणालीस, तुझे लाड होतात म्हणून नाटकं करतेस. तुला नको तर मी जाते."

मला आठवलं. मामा तिला जुहूला न्यायचा, तिच्यासाठी लाल फ्रॉक आणायचा, आणि माझ्यासाठी काहीच नाही. तेव्हाही मी जळतच होते.

"काकू काय म्हणाल्या?" मी कसंबसं विचारलं.

"म्हणाल्या, लाज त्याका वाटाक व्हयी, तुका कित्याक? आणि मग चहा ठेवला. मी रडत होते तोवर मशीन बंद ठेवलं त्यांनी. ऐन दिवाळीच्या तोंडावर, ताई."

आईचा हिशेब साधा होता. मुहूर्त डोक्यावर आला की पोरगी गपचूप उठेल. म्हणून तिने मामाला बोलावलं, फेटाही बांधायला लावला. हॉलमध्ये गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि मामा वधूच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. काकू नंदाच्या शालूला पिना लावत होत्या. नंदा जी खुर्चीवर बसली ती उठेचना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. "मामा, तुम्ही बाहेर बसा."

"वेड लागलं का गं? मुहूर्त टळतोय!"

"बसा म्हटलं ना!" आवाज दमदार निघायला हवा होता. निघाला कोंबडीसारखा. पण मामाने माझ्याकडे पाहिलं, मग नंदाकडे, आणि मान खाली घालून तो वळला.

आता आपलीच वेळ, असं समजून मी ऐटीत हात पुढे केला. नंदाने त्या हाताकडे पाहिलं. मग काकूंचा हात धरला.

"माका नको गो, मी विधवा बाई. लोक काय म्हणतले?"

"चला काकू."

त्या दोघी निघाल्या. मी हात तसाच पुढे धरून उभी. हॉलमध्ये कुजबुज झाली, आई तोंड फिरवून बसली, आणि गुरुजींनी घसा खाकरून मंगलाष्टकं सुरू केली.

पुढे दिवाळसणाला आईने निरोप धाडला, "आधी मामाच्या पाया पड, मग माहेरी ये." नंदा नवऱ्याला घेऊन काकूंच्या एका खोलीच्या घरात उतरली. मी चकल्यांचा डबा घेऊन गेले, तर नंदा डोळे मिटून पाटावर बसलेली आणि काकू तिच्या डोक्याला तेल चोळताहेत. आमची नंदा, जी कुणाला वेणीसुद्धा घालू द्यायची नाही! मी डबा घेऊन उंबऱ्याबाहेरच थबकले.

"ये गो, भायर कित्याक उबी? तुका काय आमंत्रण धाडूक व्हया?"

नंदा डोळे न उघडता जराशी सरकली. मी शेजारी टेकले.

"चकल्या यंदाही मऊच ना?"

"मऊच."

"ताई, तू 'नाटकं करतेस' म्हणाली होतीस, ते मी विसरले नाहीये हं."

"विसरू नकोस," मी म्हटलं.

"दोघी गप ऱ्हवा," काकू म्हणाल्या, "तेल डोळ्यांत जातला."

माझ्या डोक्याला कुणी तेल लावलंच नव्हतं, तरी चुरचुरत होते ते माझेच डोळे.