मिश्री दोन पायांवर उभी राहिली तेव्हा

घोड्यांच्या क्लबातल्या बाकावर वर्षभर बसलं की किस्से आपोआप जमतात, पदराला वाळलं गवत चिकटतं तसे. घरी येऊन झटकावे तर अजून चार निघतात! बहुतेक किश्श्यांत मी आहे आणि बहुतेकदा चूकही माझीच आहे. तरी सांगते. एक तर फार लाजिरवाणा आहे, म्हणून शेवटी ठेवलाय.

*

ह्यांची बदली भोपाळला झाली, कोटऱ्यात क्वार्टर मिळालं, आणि आमच्या अनूनं चौदाव्या वर्षी जाहीर केलं, "आई, मी घोडा शिकणार!" मी त्याच दिवशी सोळा सोमवार धरले.

पहिल्या दिवशी मी घोडा शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलं, "घोडा पाडतो का हो?" उस्ताद साठीचे, पांढरी दाढी, आवाज मऊ.

"घोड़ा नहीं गिराता, बहनजी. डर गिराता है."

मी घाबरून सोमवारांच्या जोडीला मंगळवारही धरला!

*

अनूची घोडी मिश्री. रंग अगदी खडीसाखरेसारखा. उपासाला केलेला दाण्याचा लाडू मी एकदा तिला भरवला. पुढच्या सोमवारी तिनं माझ्या पर्समध्ये तोंड घातलं, ते डबा, जपमाळ आणि चष्म्याचं घर बाहेर काढूनच थांबली!

क्लबचे सेक्रेटरी साहेब फार शिस्तीचे. ते म्हणाले, "मॅडम, ये घोड़ी है, आपकी भांजी नहीं!"

सगळा बाक हसला. मी मान खाली घातली. पण लाडू चालू ठेवले, लपून.

*

मला एक सवय आहे. अनू जत्रेतल्या पाळण्यात बसली, "घट्ट धर!" सायकलवर बसली, "घट्ट धर!" बसमध्ये चढली, तरी तेच. क्लबातही प्रत्येक फेरीला मी कठड्यापाशी उभी राहून ओरडायची.

एके दिवशी उस्तादांनी विचारलं, "बहनजी, ये कौन सा मंतर है?"

मी अर्थ सांगितला. त्यांनी अनूच्या आवळलेल्या मुठींकडे पाहिलं. मग म्हणाले, "ये वाला मंतर यहाँ मत पढ़िए."

*

त्याच आठवड्यात त्यांनी मुलांना बसवून घोडा दोन पायांवर उभा का राहतो ते समजावलं. आम्ही आयाही कान देऊन ऐकत होतो.

"एड़ी बोले चल, लगाम बोले रुक. आगे रास्ता नहीं, पीछे जगह नहीं. तो बेचारी जाए किधर? ऊपर!"

माझ्या शेजारी शिवाजी नगरच्या देशमुख वहिनी. मूळच्या नागपूरच्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणाल्या, "माझं लग्न झालं तवा असंच होतं बाप्पा! सासू म्हणे चाल, नवरा म्हणे थांब!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. उस्ताद मात्र हसले नाहीत. म्हणाले, घोडी उभी राहिली की बसणारा घाबरून लगामाला लटकतो. त्याच्या ओढीनं तिचा तोल जातो आणि ती सरळ पाठीवर येते. बसणारा खाली, घोडी वर.

"तो क्या करना? हाथ आगे, लगाम ढीली, गर्दन से लिपट जाओ."

अनूनं विचारलं, "और भाग गई तो?"

"भागेगी तो थक के रुक जाएगी, बेटा. उलट गई तो..."

*

आता तो दसऱ्याचा किस्सा.

दसऱ्याला घोड्यांची पूजा असते. उस्तादांचा नियम साधा होता: मुलं खाली उतरलेली, एका वेळी एकच बाई, निरांजन लांब. पण मला अनू घोडीवर बसलेली असताना औक्षण करायचं होतं. गावाला सासूबाईंना फोटो पाठवायचा होता ना! उस्ताद पलीकडे हार आणायला गेले, तेवढ्यात मी म्हटलं, "चल ग पटकन, बैस."

मिश्रीच्या मागे बांबूचं कुंपण. पुढे आम्ही सात-आठ बायका अर्धा गोल करून. माझ्या एका हातात पेटत्या निरांजनाचं तबक, दुसऱ्या हातात घंटा. मी घंटा वाजवत पुढे झाले. मिश्री मागे सरली, शेपूट कुंपणाला टेकलं. अनूनं टाच मारली आणि घाबरून लगामही खेचला.

मिश्री उभी राहिली. तिचे पुढचे खूर माझ्या डोक्यावर.

आणि मी काय ओरडले? "अनू, घट्ट धर! लगाम सोडू नकोस!"

आईचं ऐकणारी पोर. तिनं घट्ट धरला. मिश्री मागे झुकायला लागली.

"छोड़!" उस्ताद हार टाकून धावले, अनूचा पाय धरून तिला बाजूला ओढलं, आणि घोडी कुंपण मोडत पाठीवर कोसळली. अनूचं कोपर खरचटलं. मिश्री धडपडत उठली. अनूला ओढताना उस्तादांचं मनगट मोडलं.

सेक्रेटरी साहेब आले. "क्या हुआ?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घोड़ी है साहब, खड़ी हो गई."

"खड़ी होने वाली घोड़ी क्लब में नहीं रहेगी. बारात वाले को दे दो."

बारात! पुढे बँड, मागे गर्दी, वर नवरदेव लगाम आवळून. मला सगळं कळत होतं. आणि मी तबक पदराआड धरून गप्प उभी राहिले.

घरी येऊन मी मिश्रीसाठी अकरा गुरुवार धरले. देशमुख वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, चूक तुमची, शिक्षा तिले. अन् उपास करून देवाले कायले मधात घेता?"

त्या दिवशी मला पाणीही गोड लागलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाकासमोर मी सेक्रेटरी साहेबांना सांगितलं. बसवलं मी, घंटा मी, निरांजन मी, "घट्ट धर" मी. एकही गोष्ट गाळली नाही.

ते म्हणाले, "मॅडम, इसका सबूत?"

उस्ताद प्लास्टरमधला हात सावरत म्हणाले, "इन्हीं को बिठा देता हूँ, साहब. इनसे ज़्यादा डरने वाला क्लब में कोई नहीं!"

अनूचं हेल्मेट माझ्या कुंकवावर बसलं. मी मिश्रीवर. तिला बांधलेला दोर उस्तादांच्या चांगल्या हातात. सेक्रेटरी साहेब फोन हातात घेऊन उभे.

माझ्या मुठी लगामावर आपोआप आवळल्या. मिश्रीनं कान मागे पाडले, पाय आपटला. उस्ताद हळूच म्हणाले, "बहनजी..." पण मुठी उघडेनात. देवाचं एक नाव आठवेना!

कठड्यापासून अनूचा आवाज आला. "आई, सोड!"

मी सोडला. मिश्रीनं लांब फुर्र केलं, मान खाली टाकली आणि संथ चालायला लागली. एक फेरी. दुसरी. सेक्रेटरी साहेबांनी फोन कानाला लावला, "हाँ भैया, वो घोड़ी का... आप दूसरी देख लो."

माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हात जोडले.

आणि बाकावरून देशमुख वहिनी जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "अवो ताई, घट्ट धरा!"