आमचा काउबॉय ‘जातो’ म्हणेना

पोटासाठी मी दुबईत एसीचे सुटे भाग विकतो, पण खरा मी काउबॉयपटांचा लेखक. हसू नका. तीन लिहिलेत, तिन्ही आम्ही मोबाइलवर चित्रित केले आणि मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दाखवले. पहिल्यात घोडा मिळेना म्हणून नायक उंटावरून आला. दुसऱ्यातला दारूचा गुत्ता शारजात उभारला. तिथे दारूबंदी, म्हणून खलनायकानं इथला दुधाळ करक चहा पिऊन टेबल उलटवलं. लोक पोट धरून हसले. मी विनोदी लिहिलंच नव्हतं!

तिसऱ्याचा शेवट तरी अस्सल हवा, असा मी हट्ट धरला. नायक गाव वाचवतो, विधवेच्या दारात थांबतो, “जातो. वाट पाहू नकोस,” म्हणतो आणि मावळतीकडे कायमचा निघून जातो. या दोन वाक्यांवर माझा फार जीव होता.

विधवा झाली माझी बायको. नायक आमच्या ओळखीतला एक वेल्डर, मूळचा गुहागरकडचा. अशी मिशी आणि अशी चाल दुसऱ्या कुणाकडे नव्हती. शारजाबाहेरच्या वाळूत सूर्य टेकला, उंटवाला “यल्ला, यल्ला” करत घाई करायला लागला. नायकानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, “येतो हां.”

“कट! जातो म्हण, जातो!”

“दादा, दारातनं निघताना जातो कोण म्हणतं? अभद्र. गावी बायको बघणार आहे हे.”

“अरे, पण तो परत येणारच नाहीये!”

“ते त्याचं तो बघेल. मी नाही बोलणार.”

मी ओरडलो, मग हातापाया पडलो. तो ढिम्म. उजेड चालला होता, म्हणून नाइलाजानं पुन्हा कॅमेरा सुरू केला. तो “येतो” म्हणाला, आणि माझ्या सख्ख्या बायकोनं सवयीनं सांगितलं, “सावकाश जा. पोचलास की फोन कर.”

“खलास!” म्हणत उंटवाला उंट घेऊन चालू लागला.

संमेलनात त्या शेवटाला हॉल हसून कोसळला. मला रडू येत होतं. लेखन बंद, असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात नायक भेटला. मी खोचकपणे विचारलं, “काय, वहिनींना आवडला का शेवट?”

तो मिशी चोळत म्हणाला, “रडली. म्हणाली, तिलापण येतो म्हणालात. मला म्हणून गेलात त्याला तीन वर्षं होतील. येताय कधी?”

“मग?”

“म्हटलं, इन्शाल्ला, गणपतीला. गेल्या वर्षीपण हेच म्हटलेलं.”