ताईची टर्न ऑफ फ्रेज

पालीच्या शाळेत माझा नववीचा इंग्रजीचा तास चालू होता, तेव्हा भावोजींचा फोन आला. “ताई गेली तुझी,” एवढंच म्हणाले. मी वर्गात परत गेलो, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं आणि मग बॅग उचलली. आज दीड महिना झाला. त्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता का, एवढंच आठवत राहतं... बाकी काही आत शिरत नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातवीत तिची शाळा सुटली आणि पुढे आमच्या भातशेतीच्या घरातून ती दिवेआगरला, नारळ-सुपारीच्या वाडीत नांदायला गेली. वादळात ती वाडी आडवी झाली, तेव्हा मी धीर द्यायला गेलो होतो. काय बोलावं ते जुळवत उभा होतो, तर तीच म्हणाली, “बघतोस काय? औंदा वाडीत नुसतं आभाळ पिकलंय.”

नवी रोपं धरेपर्यंत तिने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मागच्या दिवाळीत मुंबईच्या एका बाईंनी जाताना वहीत इंग्रजीत अभिप्राय लिहिला. ताईने तो मला वाचायला लावला. जेवणाचं कौतुक होतं आणि शेवटी लिहिलं होतं, की घरच्या बाईंकडे सुरेख टर्न ऑफ फ्रेज आहे.

“टर्न म्हणजे वळण ना? माझं काय वाकडं दिसलं तिला?”

“वाकडं न्हाय गं. गोष्ट साधीच, पण सांगणारा अशा शब्दांत सांगतो की ऐकणाऱ्याच्या मनात राहते. त्या हातोटीला म्हणतात. एखाद्या नेमक्या शब्दप्रयोगालाही म्हणतात.”

“मग तुझ्याकडं हाय ती?”

वीस वर्षं मी मुलांना याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावतोय. “न्हाय,” मी म्हणालो, “मला नुसता अर्थ येतो.”

तिने वही मिटली. “हे मात्र छान बोललास,” म्हणाली.

ती गेल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, अल्पशा आजाराने दुःखद निधन. आजार कसला... सकाळी सुपारी सोलता सोलता गेली ती. भावोजींनी वाचलं आणि मोबाइल परत दिला. “हे कुणाचंबी असंल रे.” मी पुन्हा लिहायला बसलो. एक शब्द सुचला नाही. शेवटी तेच पाठवलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

गेल्या रविवारी दिवेआगरला गेलो होतो. पाहुण्यांच्या न्हाणीघरात हात धुवायला शिरलो, तर नळावर ताईच्या अक्षरातला कागद चिकटवलेला. ‘नळ रुसतो. दोनदा समजूत काढा, तिसऱ्यांदा दम द्या.’ मी दोनदा हळू फिरवला, तिसऱ्यांदा जोरात. पाणी आलं. बाहेर प्लंबर आला होता. भावोजी त्याला सांगत होते, “बाकीचं सगळं बदल. त्यो नळ ऱ्हाऊ दे.”