सावित्रीच्या वाळूवरचं बिऱ्हाड

आमच्या घरात उभी लॉरी बुडवण्याचा मान माझ्याकडे आहे. (चालती लॉरी कोणीही बुडवतो.)

तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर. तिथे खोली करून एकटा राहायचो आणि शनिवारी शाळा सुटली की डोंगर चढून कुडपणला घरी जायचो. बायको सगुणा घरी, आई आणि बांजवळ. तिचं माहेर दासगावच्या पलीकडे, खाडीकाठी. जन्मभर दारात पाणी बघितलेली मुलगी आम्ही डोंगरमाथ्यावर आणून ठेवली, जिथे चैत्र लागला की एका हंड्यासाठी अर्धा डोंगर उतरावा लागतो! तिने तक्रार कधी केली नाही. पण हंडा उतरवला की ती त्यातल्या पाण्याकडे जरा वेळ बघत उभी राहायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

तिला चार दिवस माहेरी पाठवावं, एवढीच साधी गोष्ट. पण ती दोन बापांच्या हातात होती. रीत अशी, की माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेने माहेरी जायचं नाही. दिवाळीला तिचे वडील आले, तर आमची भातझोडणी चालू. बा म्हणाले, "काम आटपूदे, मग या." व्याही डोंगर चढून आले तसे उतरून गेले. जाताना म्हणाले, "आता तुम्ही सांगावा धाडा, मग येऊ." बा म्हणाले, "न्यायची त्यांना हाय, सांगावा मी कशाला धाडू?" तेव्हापासून दोन्ही बाप आपापल्या ओटीवर सांगाव्याची वाट बघत बसले होते, आणि मधल्या मध्ये सगुणा सुकत चालली होती.

अशात मे महिन्याच्या सुट्टीत दादा आला, तोही लॉरी घेऊन. माझा हा थोरला भाऊ मुंबईला एका शेठची लॉरी चालवायचा. शेठने चार दिवस लॉरी गावाकडे न्यायला दिली होती. (शेठ भला माणूस होता. पुढे तो तितकासा भला राहिला नाही.) दादाने मुंबईत कुठल्याशा साहेबाचं चाकांवरचं घर बघितलं होतं.

"गाडीतच खाट, गाडीतच चूल," दादा सांगत होता. "पान्याच्या काठाला उभी करतात, दोन दिवस ऱ्हातात, पोहतात, खातात. एकदम फस्क्लास."

"घर सोडून गाडीत ऱ्हायचा?" आई म्हणाली. "घरात काय इंचू हायत?"

पण दादा ऐकेना. पोलादपुरात त्याने लॉरीवर ताडपत्रीचं छप्पर चढवलं, आत बाज टाकली, आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले आणि कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली. (ताडपत्रीखाली चूल! पण तो निराळा अपघात झाला असता. त्या चुलीवर आईने पाणी ओतलं.)

कुठे जायचं, हे मात्र मी सुचवलं. महाडच्या खाली सावित्रीचं पात्र रुंद होतं, तिथे उन्हाळ्यात नुसती वाळू असते, मध्ये घोटाभर पाणी. आणि तिथून सगुणाच्या गावचा डोंगर दिसतो. माहेरी जायचं नाही, कबूल. पण माहेराकडे बघायला कोणती रीत आड येते? हे मी कोणाला बोललो नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटत होतं.

बांनी पंचांग काढलं. "पुनवेला जाऊ. पुनवेसारखा दिवस नाय."

पुनवेला सकाळी नऊला आम्ही पोचलो. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून पाचच माणसं: दादा, बा, आई, सगुणा आणि मी. दादा काठावरच्या झाडाखाली लॉरी लावत होता. इतक्यात सगुणाने माझी बाही ओढली. सासऱ्यांपुढे आणि थोरल्या दिरापुढे ती तोंड उघडत नसे, म्हणून पदराआडून कुजबुजली.

"अजून खाली घेतात का बघा. पार वाळूत. तिथनं आमचा डोंगर चांगला दिसल."

वर्षभरात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट! मी ती स्वतःची अक्कल म्हणून दादाला सांगितली आणि लॉरी पार वाळूत उतरवायला लावली.

"आज पुनव ना?" तिने विचारलं.

"होय तर. बांनी पंचांग बघून काढली."

"बरं हाय," ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं, सारं सार्थक झालं.

मग ती कामाला लागली. आम्ही खाली मांडलेलं पीठ, तांदूळ, वाकळा, सगळं तिने एकेक करून पुन्हा लॉरीत वर नेऊन ठेवलं. आई म्हणाली, "नेटकी हाय हो पोर." दादाने लॉरीची जादा ट्यूब फुगवली आणि बांना म्हणाला, "बसा हिच्यात. सायब लोक बसतात." बा आधी नको म्हणाले. मग डोक्याचं मुंडासं न काढता त्या ट्यूबमध्ये जे बसले, ते उठायला तयार होईनात. पाण्यात पाय सोडून ते इतके खुशीत होते, की लहानपणापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

बारा वाजून गेले असतील. आई वाळूवर भाकऱ्या थापत होती.

"मास्तर," बांनी हाक मारली. (कौतुक असो की राग, मला ते मास्तरच म्हणत.) "मी चाललोय कुठं रे?"

"धारेला लागलात, बा. खाली जाल. पाय टेका."

"खाली नाय रे. मी वर चाललोय. महाडाकडं."

"नदी वर जात नाही, बा," मी काठावरून समजावलं. "नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळते."

"ता तू नदीला सांग," बा म्हणाले आणि महाडच्या दिशेने हळूहळू निघून गेले.

तेवढ्यात आईची चूल फुस्स करून विझली. पाणी चुलीत! बघतो तर घोटाभर पाणी गुडघाभर झालेलं, वाळू दिसेनाशी झालेली, आणि पाणी समुद्राकडून डोंगराकडे चाललेलं. आईने हात जोडले. "सावितरीमाय, आमचा काय चुकला?" म्हणत तिने स्वयंपाकाचा नारळ पाण्यात सोडला. तोही महाडाकडे गेला. दादाने लॉरी चालू केली. चाकं गरगर फिरली आणि लॉरी पुढे जायच्या ऐवजी बसली. मग ती दोनदा खोकली आणि गप्प झाली.

बा पन्नास हातांवर गोल गोल फिरत होते. मुलगा म्हणून मी पाण्यात उडी घेतली. डोंगरातल्या माणसाला पोहणं येत नाही, हे उडी मारल्यावर आठवलं. डोक्यावरून पाणी गेलं, मी दोनदा सावित्री प्यायलो, आणि मग कोणीतरी मला कॉलर धरून उभं केलं. सगुणा होती. कासोटा खोचून शांतपणे उभी. पाणी तिच्या कमरेएवढं होतं.

"उभं ऱ्हावा नुसतं," ती म्हणाली. "पाय पोचतात."

तेवढ्यात वळणावरून होडी आली. होडीत सगुणाचा भाऊ आणि वल्ह्यावर तिचे वडील! होडी थेट ट्यूबपाशी गेली.

"राम राम, व्याही. बसा होडीत."

"राम राम." बांनी होडीची कड धरली, पण चढले नाहीत. "आधी सांगा, कशाला आलाव?"

"कशाला म्हंजे? तुम्ही बुडताव म्हून."

"मी बुडत नाय. मी बसलोय." बांच्या मुंडाशातून पाणी गळत होतं. "सुनेला न्यायला आला असाल, तर बोला."

व्याह्यांनी लॉरीकडे बघितलं. कमरेएवढ्या पाण्यात, नवऱ्याची कॉलर धरून, त्यांची लेक उभी होती. दिवाळीनंतर त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. त्यांचं वल्हं हातातच राहिलं.

"न्यायलाच आलोय," ते म्हणाले. "धाडताव काय?"

"धाडतो," बा म्हणाले. "पन आधी मला काढा."

अशी आमची सून रीतसर माहेरी गेली, आणि तिच्याबरोबर सासू, सासरा, दीर, नवराही गेले! पाणी ओसरल्यावर चार बैलजोड्यांनी लॉरी काढली, पण तिच्या पोटातलं पाणी काढायला आठ दिवस लागले. आठ दिवस बा व्याह्यांचं धोतर नेसून त्यांच्याच ओटीवर त्यांच्याशी भाताच्या वाणांवरून भांडत होते. आणि सगुणा आपल्या आईच्या मागे मागे फिरत होती, नुसती. तिच्या हसण्याचा आवाज मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तोवर मला वाटायचं, तिला हसायचं तर पदराआडच हसता येतं.

एका संध्याकाळी ती धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसली होती. मी जवळ जाऊन बसलो आणि छाती काढून म्हणालो, "बघ, तुला माहेर दिसावं म्हणून मीच ती जागा शोधली."

"जागा बरी होती," ती म्हणाली. "वाईच वर होती. म्हून खाली घ्यायला लावली."

"म्हणजे?"

"पुनवेला दुपारी इथं उधाण येतं. भरतीचं पानी पार महाडापर्यंत चढतं. इथल्या शेंबड्या पोरालाबी ठाव हाय. वाळूत उभी लॉरी आमच्या धक्क्यावरनं दिसते. बापूस बघल आन् धावत येल, हे मला ठाव होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं नसतं," ती म्हणाली. पदर मात्र डोक्यावर नव्हता.

"आणि कोणी बुडलं असतं तर?"

"मामंजींना टूब होती. बाकीच्यांना वर चढाया लॉरी होती. कमरेएवढ्या पान्यात बुडायला जानारं कोन असल, हे माझ्या ध्यानात नाय आलं." मग माझ्याकडे बघून तिने अगदी मायेने विचारलं, "शाळंत पोरांना काय शिकवताव हो तुम्ही?"

"मराठी," मी म्हणालो. भूगोल म्हणायची माझी छाती झाली नाही.